रविवारच्या गोळ्या

दवाखाना पाचव्या मजल्यावर होता. समोर बांधकाम चालू होतं, आणि तिथली क्रेन इमारतीबरोबर वाढत वाढत त्या वर्षी नेमकी दवाखान्याच्या उंचीला येऊन थांबली होती. उजेड बरा म्हणून सिस्टरने आपलं टेबल खिडकीपाशी घेतलं होतं. टेबलावर बीपीचं मशीन, त्याचा निळा पट्टा, आणि बाजूच्या खिळ्याला बाथरूमची किल्ली. किल्ली लोक खिशात घालून घरी नेत, म्हणून तिला लाटण्याएवढा लाकडी दांडका बांधलेला होता. मान वर केली की सिस्टरला क्रेनची केबिन दिसे. तिन्ही बाजूंनी काच, आत एक खुर्ची, खुर्चीत एक माणूस.

त्या माणसाला साइटवर सगळे वरचा म्हणत. खालून त्याला वॉकीटॉकीवर सूचना देणारा त्याच्याच वयाचा होता, तो ओघानेच खालचा. दोघांची जोडी जुनी. सळयांचा भारा उचलायला उशीर झाला की गवंडी आभाळाकडे बघून हात जोडत आणि म्हणत, "सगळं वरच्याच्या हातात!" विनोद शिळा झाला होता, पण कुणी टाकून दिला नव्हता.

क्रेन चालवणाऱ्याला दरवर्षी तब्येतीचा दाखला लागतो. वरचा तो घ्यायला समोरच्या दवाखान्यात आला तेव्हा जुन्या दाखल्याची मुदत संपायला दोन महिने होते. सिस्टरने पट्टा बांधला. मशीनने एकशे अठ्ठावन्न दाखवले. दुसऱ्यांदा मोजल्यावर एकशे साठ.

"यावर सही होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, वीस वर्षं चढतोय मी. कधी काही झालं नाही."

"झालं की कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. जुना दाखला आहे तोवर चढा. नवा हवा असेल तर हे एकशे चाळीसच्या खाली आणा."

"आणि नाही आलं तर?"

"तर कंपनी तुम्हाला खालचं काम देईल."

खालचं काम म्हणजे काय ते वरच्याला ठाऊक होतं. त्याच्याआधीचा क्रेनवाला डोळ्यांपायी खाली आला होता. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पत्र्याच्या खोलीत बोल्ट, नट आणि वायसर यांची तीन पिंपं होती, आणि कुणीतरी मुठीने परत टाकलेला मिसळलेला माल निवडून ज्याच्या त्याच्या पिंपात टाकायचा, एवढंच काम होतं. वर्षभरात तो माणूस स्वतःशी बोलायला लागला. वरच्याने दोन-तीनदा त्याच्यासाठी चहा नेला होता. नंतर जाणं बंद केलं.

या दवाखान्यात बीपीचा पेशंट एकट्या डॉक्टरबाईंचा नसे. तिघांनी मिळून सांभाळायचा, अशी पद्धत त्यांनी सुरू केली होती. औषध डॉक्टरबाई ठरवत. मोजणं, घरी कसं मोजायचं ते शिकवणं, खाण्यातलं मीठ, झोप, चालणं हे सिस्टरकडे. तळमजल्यावर औषधांचं दुकान होतं. तिथला केमिस्ट आठवड्याच्या गोळ्या वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरून देई आणि रिकामी डबी परत घेताना कुठला कप्पा राहिलाय का ते बघे. दर गुरुवारी दवाखाना उघडण्याआधी तिघं सिस्टरच्या टेबलाभोवती उभ्याने जमत आणि ज्यांचं प्रेशर हलत नाही अशा पेशंटांबद्दल बोलत. खुर्च्या मुद्दाम घेत नसत. बसलं की बोलणं लांबतं, असं केमिस्टचं म्हणणं होतं, आणि सगळ्यात लांब तोच बोलत असे.

वरचा दोन गोळ्यांवर महिनाभर राहिला. आकडा जरा उतरला आणि मग अडून बसला. डॉक्टरबाईंनी तिसरी गोळी दिली, सकाळी घ्यायची. "हिनं लघवी जास्त होईल," केमिस्टने डबी भरताना सांगितलं. "घाबरू नका, तेच तिचं काम आहे." दुकानासमोर रांग होती. वरच्याने मान हलवली आणि डबी खिशात घातली.

पुढच्या तपासणीला तो ड्युटी संपवून शिडीवरून उतरला, रस्ता ओलांडून तडक पाचव्या मजल्यावर आला. सिस्टर प्रत्येकाला विचारते तेच तिने त्यालाही विचारलं.

"चहा, तंबाखू काही?"

"नाही."

"बाथरूमला जाऊन आलात?"

"हो."

"पाच मिनिटं शांत बसा. पाय खाली टेकवा. बोलू नका."

तो बसला. आकडा एकशे बासष्ट आला.

गुरुवारी त्याचं नाव सगळ्यात आधी निघालं.

"गोळ्या घेतोय का नक्की?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"डबी धुतल्यासारखी रिकामी येते," केमिस्ट म्हणाला.

"मीठ?"

"खारे दाणे सोडलेत. बायको डबा देते तो अळणीच," सिस्टर म्हणाली. "केबिनमध्ये दाण्यांची पुडी दिसत नाही आता. मी बघते ना रोज."

"मग डोस वाढवू या."

डोस वाढला. सकाळच्या गोळीचाही वाढला. त्यानंतरच्या गुरुवारी आकडा तिथल्या तिथेच होता आणि मुदत संपायला दोन आठवडे राहिले होते. तिघं टेबलाभोवती उभे होते.

"कुठंतरी पाणी मुरतंय," केमिस्ट म्हणाला.

सिस्टर खिडकीतून बघत होती. "एक सांगू? महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. सोमवारी तो शिडीवर मधेच बसतो."

"म्हणजे?"

"इतर दिवशी एका दमात चढतो. सोमवारी मधल्या टप्प्यावर बसतो, पोटरी दाबतो. गेल्या सोमवारी डोकंही धरलं होतं. मला वाटलं, सुट्टीनंतरचा आळस."

केमिस्टने हातातली डबी टेबलावर ठेवली. "पोटरी? पायात गोळे येतायत त्याला. त्या सकाळच्या गोळीनं अंगातले क्षार उतरले की येतात. चक्करही येते. पण मग रोज यायला हवेत. सोमवारीच का?"

"तुम्ही विचारलं नाहीत?" डॉक्टरबाई सिस्टरला म्हणाल्या.

"औषधाचा त्रास-बिस हे विचारतात ना?" सिस्टरने केमिस्टकडे बोट केलं.

"माझ्याकडे रांग असते. मला वाटलं, बाई विचारत असतील. दार लावून बसतात त्या."

डॉक्टरबाईंनी टेबलावरची डबी हातात घेतली. "मी विचारते, गोळ्या घेता का. तो म्हणतो, घेतो."

त्याला त्याच दिवशी बोलवायचं ठरलं. एकट्याला नाही, बायकोसह. आणि समोर तिघंही. फोन सिस्टरने केला.

संध्याकाळी दोघं आले. वरच्याच्या बायकोचं एका शाळेत साफसफाईचं काम होतं. ती तिथूनच आली होती, बाह्या अजून वर सारलेल्या. तिने तिघांकडे ओळीने बघितलं. "तिघं तिघं? इतकं काय झालंय यांना?"

"काही झालं नाही. कळत नाहीये, म्हणून बोलावलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात आमच्याकडे."

"आमचंही तेच झालंय, ताई," केमिस्ट म्हणाला. "चौथ्या तुम्ही आलात, आता सुधारेल."

सिस्टरने विचारलं, "दादा, सोमवारी शिडीवर मधेच का बसता?"

वरच्याने बायकोकडे बघितलं नाही. चक्कर येते असं कबूल केलं तर काय होईल, हे तो क्रेनवर शिकला होता. चक्कर येणाऱ्याला वर सोडत नाहीत. दाखल्याला अजून दोन आठवडे होते. हे एक वाक्य तोंडातून निघालं की दोन दिवसही उरणार नव्हते.

"बूट बांधत होतो," तो म्हणाला.

"तुमच्या बुटाला नाडी कुठंय?" बायको म्हणाली.

नाडी नव्हती. साइटवरचे बूट पायात सरकवायचे होते, आणि ते आत्ताही त्याच्या पायात होते. सगळ्यांनी ते बघितले.

"अहो, बोला की. रविवारी दिवसभर घरात लोळता. सारखं बाथरूमचं दार वाजतंय. पाहुणे आले तरी बाहेर येत नाही. मला वाटलं, पोट बिघडलंय. विचारलं तर अंगावर येता."

केमिस्टला कळायला तेवढं पुरलं. तो खुर्ची ओढून वरच्याच्या समोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, सकाळची गोळी तुम्ही कधी घेता?"

"रविवारी."

"आणि सोमवार ते शनिवारच्या?"

"त्याच. रविवारी. बाकी ठेवत नाही मी. कप्प्यातनं रोज काढून ठेवतो, आणि रविवारी सगळ्या संपवतो. सकाळी दोन, मग दुपारी, मग…" तो थांबला. "डॉक्टरांनी दिलेलं औषध टाकायचं नाही, म्हणून."

डॉक्टरबाईंचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथेच राहिला. त्या गोळीचा डोस त्यांनीच वाढवला होता.

"अगं बाई," बायको म्हणाली. "आठवड्याचं रेशन एका दिवसात!"

"पण का?" सिस्टरने विचारलं. "रोज सकाळी घ्यायला काय होतं?"

वरच्याचा चेहरा लाल झाला होता. मग त्याने हात उचलला आणि सिस्टरच्या खांद्यावरून मागे, खिडकीकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. संध्याकाळच्या उजेडात रिकामी केबिन समोर लटकत होती. खुर्ची दिसत होती, खुर्चीवरची घडी घातलेली चादर दिसत होती, चादरीवरची फुलंसुद्धा दिसत होती.

"एकदा वर गेलं की दुपारशिवाय उतरता येत नाही," तो म्हणाला. "आणि हल्ली तर दुपारीही नाही, स्लॅबची घाई आहे. क्रेनवर सगळे त्यासाठी बाटली ठेवतात. मीही ठेवायचो. आधी क्रेन खाली होती, समोर नुसती भिंत होती. मग वाढवली. आता मान वर केली की समोर या."

"मी?" सिस्टर म्हणाली.

"दिवसभर इकडंच बघता."

"मी कुठं बघते! उजेडासाठी बसते मी इथं!"

"खारे दाणे खातो की नाही, ते कुणी बघितलं?" केमिस्ट म्हणाला.

सिस्टर लाजली, मग हसू आवरेना म्हणून तिने निळा पट्टा तोंडावर धरला. वरच्याची बायकोही हसायला लागली. ती पदराआड वगैरे हसली नाही, मोकळी हसली, खुर्चीला धरून. वरचा सोडून सगळे हसले. त्याने शेवटी तोंड वाकडं करून म्हटलं, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

"काचेला कागद लावायचा होतात," केमिस्ट म्हणाला.

"माल त्याच बाजूनं येतो. कागद लावला तर बघू कुठून? म्हटलं, अजून दोन मजले चढले की क्रेन वाढवतील. मग ही खिडकी खाली जाईल. तोवर कळ काढायची. पाणीच पीत नव्हतो."

"आणि इथं यायचात तेव्हा?" सिस्टरने विचारलं. ती आता हसत नव्हती. "मी विचारायचे, बाथरूमला जाऊन आलात का. तुम्ही हो म्हणायचात."

"ती किल्ली," वरचा म्हणाला. "तो एवढा दांडका हातात घेऊन बाहेर बसलेल्या सगळ्या बायकांमधून जायचं."

दिवसभर तुंबवून आलेल्या माणसाचं प्रेशर चढलेलंच दिसतं. सिस्टरला हे पाठ होतं, म्हणून तर ती प्रत्येकाला विचारत होती. विचारताना तिचं लक्ष पट्ट्याकडे असे.

तिने किल्ली खिळ्यावरून काढली, दांडक्याची दोरी कात्रीने कापली आणि नुसती किल्ली त्याच्या हातात दिली. तो जाऊन आला. पाच मिनिटं बसला. या वेळी कुणीच बोललं नाही. आकडा एकशे पन्नास आला.

"बारा उतरले की!" बायको म्हणाली.

"उतरले. पुरेसे नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती सकाळची गोळी बंद. तिच्याऐवजी दुसरी देते, तिनं पळावं लागत नाही. उरलेल्या असतील त्या इथं आणून द्या. रविवारी एकही नाही. पाणी प्यायचं. रक्त आज तपासायला द्या, क्षार किती उतरलेत ते बघायचंय." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "चक्कर येते ना, दादा?"

वरच्याने बराच वेळ आपल्या बुटांकडे बघितलं.

"सोमवारी. शिडीवर. आणि एकदा वर बसल्यावर. भारा हवेत होता."

"खाली माणसं होती?"

"खालचा होता."

खोलीतलं हसणं केव्हाच संपलं होतं.

"आजपासून वर जायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कंपनीला मी कळवते. चूक आमचीही आहे, तेही लिहिते. पण जायचं नाही."

"आणि परत?"

"आकडा सांगेल."

जिन्यात बायको त्याला म्हणाली, "आधी मला सांगितलं असतंत तर?" तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस." ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून क्रेनवर बदली माणूस आला आणि वरचा स्टोअरमध्ये गेला. पिंपं तीच होती. आधीचा क्रेनवाला आता नव्हता. त्याची पत्र्याची खुर्ची होती. वरचा नट एका बाजूला, वायसर एका बाजूला असं निवडत बसे. बदली माणूस भारा जरा जास्त झुलवत असे आणि ते आवाजावरून कळे. असा आवाज आला की वरचा निवडायचं थांबे, भारा टेकल्याचा धप्प आवाज ऐके, आणि मग पुढचा नट उचले. दुपारी खालचा डबा घेऊन येई.

"काय रे, वरचा खाली आला म्हणतात लोक. देव उतरलाय म्हणून पाया पडायला येणारेत."

"गप बस. नारळ आणायला सांग."

"चक्कर येत होती तर मला नाही सांगितलंस?" खालच्याने एक दिवस विचारलं. त्याने हे घास हातात धरून विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत तो खाल्ला नाही. "त्या भाऱ्याखाली मी होतो."

"माहिताय," वरचा म्हणाला. "त्यासाठीच सांगितलं शेवटी."

खालच्याने घास खाल्ला.

आठवड्यातून दोनदा वरचा रस्ता ओलांडून जाई. सिस्टर आता आधी पट्टा खाली ठेवी, मग विचारी. घरी बायको मोजे. पाय टेकवा, बोलू नका, असं तीही सिस्टरच्याच आवाजात म्हणायला लागली. जुना दाखला संपला तेव्हा आकडा एकशे सेहेचाळीस होता. साइटच्या मुकादमाने डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं की, सहाचा तर फरक आहे, माणूस चांगला आहे, बदलीवाल्याने एक भिंत खरवडलीय. डॉक्टरबाईंनी सही केली नाही.

नव्या गोळीला वेळ लागला. पण पायातले गोळे गेले, सोमवारची चक्कर गेली. मग एका गुरुवारी तो सकाळी लवकर आला, तिघं टेबलाभोवती उभे असताना. एकशे चौतीस. सिस्टरने पट्टा सोडून पुन्हा बांधला. एकशे बत्तीस.

डॉक्टरबाईंनी दाखला लिहिला, पण वर्षाचा नाही, तीन महिन्यांचा. खाली एक ओळ वाढवली: दुपारी एकदा खाली उतरू देणं आवश्यक.

ही ओळ मुकादमाला रुचली नाही. चढ-उतार आणि मधला वेळ धरून क्रेन बराच वेळ उभी राहणार होती. केमिस्टने दुकान दुसऱ्याकडे सोपवलं आणि रस्ता ओलांडून साइटवर गेला. डोक्यावर कुणीतरी दिलेलं मोठं हेल्मेट, ते डोळ्यांवर येत होतं.

"एवढा वेळ क्रेन उभी ठेवू?" मुकादम म्हणाला.

"वर बसलेला माणूस भाऱ्यासकट आडवा झाला तर किती वेळ उभी राहील?"

"तुम्ही औषधं विका ना, साहेब."

"विकतोच. तुमचंही प्रेशर मोजून घ्या एकदा, कान लाल झालेत."

खालचा शेजारी उभा होता. तो म्हणाला, की दुपारी सिमेंटची गाडी रिकामी होते तेव्हा हुकाला काम नसतंच. तेव्हा उतरवा त्याला. मुकादमाने दोघांकडे बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. दुपारी त्याने कुणी बघत नाही असं पाहून कान चाचपले.

वरचा सोमवारी परत चढला. मधल्या टप्प्यावर थांबला नाही. केबिनचं दार उघडलं तर आत बदली माणसाचा वास होता आणि खुर्ची पुढे सरकवलेली होती. त्याने ती मागे घेतली, फुलांची चादर घातली, बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. पिण्याची उजवीकडे, दुसरी डावीकडे. मग मान वर केली.

दवाखान्याच्या खिडकीला पडदा लागला होता. अर्ध्या उंचीचा, जाड, मातकट रंगाचा. वरून उजेड आत जाईल आणि टेबलाशी बसणाऱ्याला बाहेरचं दिसणार नाही, इतकाच. तो कुणी लावला, कशासाठी, याबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आलास का जागेवर?" वॉकीटॉकीत खालचा खरखरला. "घे, सळया आहेत. हळू."

"तू बाजूला हो आधी."

"झालो."

भारा जमिनीवरून सुटला. तो अर्ध्यावर असताना पडद्याचा कोपरा उचलला गेला आणि फटीत एक चेहरा दिसला. तिने शिडी बघितली, केबिन बघितली. वरच्याने हात हलवला नाही. भारा लटकत असताना तो लिव्हरवरचा हात काढत नसे. सळया स्लॅबवर टेकल्या, हूक सुटला, मग त्याने समोर पाहिलं. पडदा पुन्हा सरळ झाला होता.

त्याने उजवीकडची बाटली उघडली आणि अर्धी संपवली.